डावीकडची स्प्रिंग

समज, तू एका सोफ्याच्या पोटात आहेस. सोफ्यावर नव्हे, आत. वरचं कापड उसवून काढलेलं, कापूस उपसलेला, गोणपाट बाजूला टाकलेलं, आणि तुझ्या चहूबाजूंना लोखंडी स्प्रिंगा उभ्या, प्रत्येकीच्या कमरेला सुतळी. वरून एका बाईचा हात येतो, एक स्प्रिंग दाबतो आणि सोडतो. ती टुणकन वर आली तर हात पुढे सरकतो. आली नाही तर बाई म्हणते, "ही मेली," आणि तिला उपटून डब्यात भिरकावते. आलं डोळ्यांसमोर? मग आता जरा सरकून बस, कारण त्या जागेत आधीपासून एक मुलगी बसलेली आहे.

तिला सगळे स्प्रिंगच म्हणत. तिला खरं नावही होतं, शाळेच्या हजेरीत ते रोज वाचलं जाई, पण घरात त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघे, की कोण आलंय. चालायला शिकण्याआधी ती उड्या मारायला शिकली होती. आई म्हणायची, "मला मूल व्हायचं होतं, झाला सोफ्याचा सुटा भाग."

आई आणि बाबा जुने सोफे नवे करून देत. खाली दुकान, वर घर. आईकडे स्प्रिंगा आणि शिवण, बाबांकडे लाकूड आणि ठोकाठोक. बाबांच्या तोंडात कायम चुका असत. चुका म्हणजे ते बारीक खिळे, कापड फळीवर ठोकायचे. दोन्ही हात गुंतलेले म्हणून ते ओठांत धरायचे, आणि बोलायचं झालं की आधी थुंकून तळहातावर घ्यायचे. आईचं म्हणणं, सगळ्या चुका काढून बोलले तरी दोन-चार राहतातच.

स्प्रिंगचंही एक काम होतं. सोफा तयार झाला की त्यावर पहिली उडी तिची. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, बाबा म्हणायचे, "हं, होऊ दे," आणि ती पळत येऊन अशी आदळायची की गिऱ्हाइकाच्या पोटात धस्स व्हायचं. सोफ्याला काही व्हायचं नाही. मग बाबा शांतपणे म्हणायचे, "घेऊन जा."

या घरात सैल ही शिवी होती, हे तू ध्यानात ठेव. सैल स्प्रिंग, सैल शिवण, सैल माणूस. आळशी शेजाऱ्याला आई सैल म्हणायची, आणि शेजाऱ्यालाही त्याचा अर्थ कळायचा.

त्या वर्षी आईला दिवस गेले होते. पाचवा महिना सरला होता, पोट मध्ये येत होतं, त्यामुळे ती सोफ्याशी भांडायला निघाल्यासारखी आडवी उभी राहून काम करायची. आणि एके दिवशी तिघं मिळून सोनोग्राफीला गेली.

आत जाताना बाबांनी स्प्रिंगला दाराच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "ताठ बस. हलायचं नाही. इथे उड्या मारल्यास तर भिंतीवरची यंत्रं पडतील आणि मला एकेक दुरुस्त करून द्यावं लागेल." स्प्रिंग बसली. पाठ इतकी ताठ की तिच्यावर फळी आखता आली असती. दार नीट लागलं नव्हतं. दार नीट लागलेलं नसलं की कान आपोआप तिकडे वळतात, यात कुणाचाच दोष नसतो.

"बाळ छान आहे," आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवीकडचा रक्तप्रवाहही झकास आहे."

"पण?" आई म्हणाली. आईला पण हा शब्द लांबूनच दिसायचा.

"पण डावीकडे... तुम्ही सोफे करता ना? मग तुमच्याच भाषेत सांगते."

नेमकं तेव्हाच एक माणूस औषधांची चाकाची गाडी खडखडवत गेला आणि पुढचं वाक्य त्या खडखडाटात वाहून गेलं. तेवढं वाक्य ऐकू आलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. तुझ्यापासून कशाला लपवायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गर्भाशयाच्या भिंतीत रक्ताच्या बारीक बारीक नळ्या असतात, वेटोळ्या, अगदी तुमच्या स्प्रिंगांसारख्या." हे वाहून गेलं. गाडी गेल्यावर जे ऐकू आलं ते असं:

"...आणि डावीकडे स्प्रिंग अजून ताठ आहे. एव्हाना सैल पडायला हवी होती."

डावीकडच्या खुर्चीवर ताठ बसलेल्या स्प्रिंगचे डोळे मोठे झाले.

"ताठच राहिली तर?" आईने विचारलं.

"तर बाळाला रक्त कमी जाईल, ते बारीक राहील. तुमचं ब्लडप्रेशर चढू शकतं. आत्ता घाबरू नका, पुष्कळदा वेळ लागतो पण सुटते. महिन्याभराने परत बघू. तुमची ती छोटी गोळी चुकवू नका आणि घरी प्रेशर मोजत राहा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर लगेच यायचं."

"तिला सैल करायला आम्ही काही करायचं का?" हे बाबा. तोंडात चुका नसल्यामुळे त्यांचा आवाज उघडा पडल्यासारखा वाटत होता.

"तुम्ही काही करायचं नाही. तिचं तिने करायचं असतं."

दार उघडलं. बाबा बाहेर आले, त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास. कशी ताठ बसली आहे बघा."

स्प्रिंग पटकन खुर्चीवरून उतरली.

घरी जाताना तिने मनातल्या मनात सगळं जुळवलं. आपण ताठ आहोत म्हणून बाळ उपाशी राहणार. आपण ताठ आहोत म्हणून आईचं डोकं दुखणार. ते कसं, हे तिला कळत नव्हतं. पण मोठ्यांच्या आजारातलं तिला एरवीही काही कळत नसे, आणि डॉक्टरांना कळत असणारच. महिनाभर वेळ होता. आणि काम तिचं तिने करायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती सैल व्हायला लागली.

हे दिसतं तितकं सोपं नाही. तू करून बघ. आधी तिने मान सोडली, मग खांदे, मग गुडघे. जिन्यावरून ती उतरेना, ओघळायला लागली. जेवताना हात मनगटापासून लोंबायचे, त्यामुळे घास तोंडाऐवजी हनुवटीला लागायचा. शाळेत कवायतीला सर ओरडले, "सावधान." सगळा वर्ग ताठ झाला. मध्ये स्प्रिंग, दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी.

"सावधान म्हणजे काय?" सर जवळ येऊन म्हणाले.

"ताठ, सर."

"मग?"

"मला ताठ व्हायला मनाई आहे, सर. घरच्या कारणाने."

सरांनी बरीच कारणं ऐकली होती, पण हे नवीन होतं. त्यांनी तिला कायमचा विश्राम दिला.

दुकानात एक मोठा सोफा तयार झाला. गिऱ्हाईक आलं. बाबा म्हणाले, "हं, होऊ दे." स्प्रिंग चालत आली आणि सोफ्यावर कुणाच्या तरी खांद्यावरून शाल घसरून पडावी तशी पडली. सोफ्याला कळलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक बाबांकडे बघायला लागलं. बाबांची अब्रू पणाला लागली होती, म्हणून त्यांनी स्वतःच उडी मारली. सोफ्याचा डावा पाय मोडला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" आई म्हणाली.

बाबांनी चुका तळहातावर घेतल्या. "मग कुणी मारायची? पोरीची कुणीतरी हवा काढली आहे."

आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, जीभ बघितली, शाळेत कुणाशी भांडण झालं का विचारलं. स्प्रिंगने सगळ्याला "काही नाही" म्हटलं, कारण तिचं तिने करायचं होतं. त्या संध्याकाळी आईने दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं, यंत्राकडे पाहिलं, आणि पुन्हा मोजलं. मग ती बाबांना हळूच म्हणाली, "आज जरा चढलंय. स्प्रिंगमुळेच असणार. जीव नुसता टांगणीला लागलाय."

स्प्रिंगमुळेच. पडद्यामागे उभ्या असलेल्या मुलीला आणखी पुरावा कशाला हवा होता? आपण पुरेशा सैल झालो नाही, एवढाच याचा अर्थ. ती खाली दुकानात गेली, त्या उसवलेल्या सोफ्याच्या पोटात शिरली, आणि अंगातलं उरलंसुरलं ताठपण सोडून देऊन पडून राहिली. फक्त डोळे तेवढे सैल होईनात. ते सारखे भरून येत होते.

बाबांनी मावशीला फोन केला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. प्रयोगशाळेत कामाला होती, आणि तिचं काम काय असं विचारलं की ती सांगायची, "नळ्या ताणते आणि सैल सोडते. त्याचा पगार मिळतो." बाबा तिला चिडवायचे, "मेहुणीबाई, मग आमच्याकडेच या की, आम्ही चहाही देतो." ती म्हणायची, "भावोजी, तुमच्या चहापेक्षा माझ्याकडचं मिठाचं पाणी बरं."

मावशी आली, वर न जाता थेट दुकानात आली, आणि सोफ्यापाशी वाकली.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"बरं. मग कुणी नाही, जरा सरक." आणि ती आपल्या चांगल्या कपड्यांसकट आत शिरली. दोघी स्प्रिंगांमध्ये आडव्या पडल्या. मावशी काही विचारेना. न विचारण्यात ती तरबेज होती.

"मी सैल होतेय," शेवटी स्प्रिंग म्हणाली.

"ते दिसतंय. कशाला?"

"बाळाला रक्त जावं म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावीकडे स्प्रिंग ताठ आहे. मी डावीकडेच बसले होते."

मग सोफा हलायला लागला. मावशी तोंडावर हात दाबून हसत होती आणि सगळ्या स्प्रिंगा तिच्यासोबत थरथरत होत्या. मग तिने भाचीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"हसायला नको होतं मी," ती म्हणाली. "अगं बये, ती स्प्रिंग तू नव्हेस."

"मग कोण? घरात दुसरी कोण आहे?"

"तुझ्या आईच्या पोटात आहेत. ढीगभर."

हे ऐकून स्प्रिंगला इतकं हलकं वाटलं की तिला उडी मारावीशी वाटली, आणि लगोलग थोडा रागही आला. इतक्या जणी आहेत आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही.

"आईने वर तेच नाव घेतलं. स्प्रिंगमुळे प्रेशर चढलं म्हणाली."

"ते मात्र तुझ्यामुळेच असेल. तू सुतळीसारखी लोंबायला लागल्यावर तिच्या जिवाला घोर लागणार नाही तर काय? आत्ता वर जा, ताठ उभी राहा आणि तिला दाखव. उद्या माझ्याबरोबर चल. तुला खऱ्या दाखवते."

प्रयोगशाळा म्हणजे स्प्रिंगला वाटलं होतं तसं काही नव्हतं. खोलीत जुन्या फ्रीजचा आवाज होता, कुणाचा तरी अर्धा खाल्लेला डबा होता, आणि एका टेबलावर काचेच्या छोट्या भांड्यांत कोमट खारं पाणी बुडबुडत होतं. प्रत्येक भांड्यात दोन बारीक आकडे, आणि त्या आकड्यांत अडकवलेली एक फिकट गुलाबी कडी, अंगठीचं पिल्लू म्हणावं एवढी.

"ही मेंढीच्या पिशवीच्या नळीची चकती," मावशी म्हणाली.

"पिशवी? कापडी?"

"गर्भाची पिशवी गं. तिला रक्त नेणाऱ्या नळीची ही कडी आवळली की वरचा आकडा ओढला जातो आणि पडद्यावर रेघ चढते. सैल झाली की उतरते. या भांड्यातली मेंढी गाभण नव्हती. त्या भांड्यातली होती. आता बघ."

तिने दोन्हींत एक थेंब टाकला. दोन्ही रेघा डोंगर चढायला लागल्या. "हे त्यांना आवळायला लावणारं औषध. आता हे दुसरं." दुसरा थेंब. पहिल्या भांड्याची रेघ थोडी उतरली आणि अडली. गाभण मेंढीची रेघ मात्र घसरगुंडीवरून यावी तशी थेट खाली आली.

स्प्रिंगने श्वास सोडला. "तिला कुणी दाबलं नाही. ओरडलंही नाही."

"तिच्या आतल्या बाजूला पातळ अस्तर असतं. तुमच्या सोफ्याला असतं ना, तसं. आईच्या अंगात ईस्ट्रोजेन नावाचं एक रसायन असतं. दिवस गेले की ते कितीतरी पटीने वाढतं. ते त्या अस्तराला तयार करतं, आणि अस्तर जास्त वायू सोडायला लागतं. अगदी जरासा. तो भिंतीतल्या स्नायूला लागला की स्नायू हात सोडतो आणि नळी रुंद होते."

स्प्रिंगने पडद्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "म्हणजे नळ्या पादतात?"

मावशीने यावर मनापासून विचार केला. "सभेत आम्ही असं म्हणत नाही," ती म्हणाली. "पण हो."

"सगळ्या आयांच्या?"

"सगळ्या आयांच्या. मेंढ्यांच्यासुद्धा. आणि तेवढ्याने भागत नाही. आईच्या आणि बाळाच्या मध्ये एक मऊ, जाड चकती असते, तिला वार म्हणतात."

"सोमवार?"

"नुसती वार. ती बाळाच्याच बाजूची. तिच्या पेशी आईच्या भिंतीत घुसतात आणि त्या वेटोळ्या नळ्यांमधला स्नायू पोखरून काढतात. नवा भाडेकरू सामान आणायच्या आधीच भिंती पाडायला लागतो ना, तसं. मग त्या नळ्यांना आवळायचं म्हटलं तरी आवळता येत नाही. स्प्रिंग जाते आणि राहतो मोठा, आळशी पाइप. सैल."

"म्हणजे डावीकडचं काम आमच्या बाळाने टाळलंय."

"थोडं मागे पडलंय."

"सैल आहे बाळ," स्प्रिंग म्हणाली, आणि मग घोटाळली, कारण ही शिवी आहे की कौतुक हे तिला कळेना. मग तिने खरा प्रश्न विचारला. "आणि शेवटपर्यंत झालंच नाही तर?"

मोठी माणसं अशा वेळी काहीबाही सांगून मोकळी होतात. मावशी तशी नव्हती. "तर डॉक्टर आईवर जास्त लक्ष ठेवतील. गरज पडली तर बाळाला जरा लवकर बाहेर काढतील. कधीकधी तसं करावं लागतं. बहुतेकदा नाही लागत. आपल्याला आत्ता माहीत नाही. माझ्या टेबलावरच्या मेंढीचं मला सांगता येतं, तुझ्या आईचं महिन्याने कळेल."

"मी ओरडून सांगितलं तर? पोटाशी जाऊन?"

"नळ्यांना कान नसतात गं. वायूच कळतो त्यांना."

हे वाक्य स्प्रिंगने जपून ठेवलं.

महिना गेला. त्या महिन्यात दुकानातल्या प्रत्येक सोफ्यावर दणकून उडी पडली, मोडलेल्या पायाच्या सोफ्यावर तर दोन. आईचं प्रेशर खाली आलं. तरी रात्री तिने पट्टा बांधला की यंत्रावर आकडा येईपर्यंत बाबा तोंडातल्या चुका गिळतील की काय अशी भीती वाटायची.

या वेळी स्प्रिंगला आत घेतलं. आई टेबलावर पडली, पोटावर गार चिकट मलम आलं, आणि डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं टोक उजवीकडे ठेवलं. खोलीभर आवाज घुमला. हुश्श, हुश्श, कुणीतरी ओल्या झाडूने अंगण झाडावं तसा. पडद्यावर एकामागून एक डोंगर, गुळगुळीत उताराचे.

"उजवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला नावं ठेवायला जागा नाही. आता डावी."

हुश्श, हुश्श. पुन्हा डोंगर. बाबा पुढे वाकले. स्प्रिंगला दिसलं ते असं की डोंगराच्या उतारावर एक छोटीशी खाच आहे, कुणीतरी कड कुरतडल्यासारखी.

"ती खाच?" आईने विचारलं.

"तीच. नळी ताठ असल्याची खूण. मागच्या वेळी खोल होती, आता उथळ झाली आहे. अजून पुरती गेलेली नाही. पण बाळाचं वजन हवं तितकं आहे आणि तुमचं प्रेशर चांगलं आहे. मी तरी आज निवांत जेवीन. तुम्ही गोळी आणि मोजणं सोडू नका, पुन्हा पंधरा दिवसांनी या."

आईने डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाली, "आयुष्यभर स्प्रिंगा ताठ करून देण्याचे पैसे घेतले. आता एक सैल व्हावी म्हणून पैसे मोजतेय."

"म्हणजे डावीकडची स्प्रिंग अजून..." बाबांनी सुरुवात केली, आणि थांबले, कारण खोलीतले सगळेच मुलीकडे बघत होते. ही गोष्ट एव्हाना डॉक्टरीणबाईंनाही कळली होती.

"थोडी हट्टी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला कसं करायचं ते अजून नीट समजलेलं नाही, एवढंच."

"तिला कुणी दाखवलंच नसेल," स्प्रिंग म्हणाली. ती स्टुलावरून उतरली, टेबलाला वळसा घालून आईच्या डाव्या बाजूला गेली, बाहीने तिथलं मलम पुसलं, आईच्या पोटाला ओठ घट्ट लावले, आणि गालात मावेल तेवढी हवा भरून एक लांबलचक, ओला, बेशरम आवाज काढला.